तिसरा घास

अक्काचं गाठोडं मी पाहिलं होतं. दाराआड, कणगीच्या शेजारी, निळ्या लुगड्यात बांधलेलं, गाठीत फणी खोचलेली. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अकरा वर्षांत ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच.

प्रवासाची हकिगत लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला हे उमटलं. राहू दे. याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही सोलापूरचे, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतले. तिला दिलं ते नळदुर्गच्या अलीकडं, बोरी नदीच्या काठी, निजामाच्या हद्दीत. गावाचं नाव लिहीत नाही. अंतर एका दिवसाचं, पण मधे नाका असल्यामुळं आईला ते परदेशासारखं वाटायचं. अकरा वर्षांमागं पंचमीला आईनं मला मुऱ्हाळी म्हणून पाठवलं, की अक्काला चार दिवस घेऊन ये. मी तेव्हा एका नाटक कंपनीत पेटी वाजवत असे. अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "खुरपणी चालू हाय, दिवाळीला न्या." मी "बरं" म्हणालो. वाद घालायचा माझा स्वभाव नाही, असं मी पुढं अनेकांना सांगितलं. खरं असं की त्यांनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा पुरणाची दिंडं वाढली होती आणि मला अवघड प्रसंग नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का जात्यावर बसली. समोर तिची धाकटी जाऊ सगुणाबाई. दोघी गाऊ लागल्या आणि मी पेन्सिल काढली.

पहिला घास जात्या, तुला हळदीचा भरते
सासरच्या उंबऱ्याला, पाऊल उजवं धरते

दुसरा घास जात्या, तुला साळीचा भरते
माहेरच्या वाटेवरी, नजर माझी गं फिरते

यापुढं अक्का थांबली. जातं फिरत राहिलं, पण तिनं दाणा टाकला नाही की तोंड उघडलं नाही. दगडावर दगड खरखरला. मग एकदम चौथा.

चौथा घास जात्या, तुला गव्हाचा भरते
भरल्या घरामंदी, जागा माझी आवरते

मी विचारलं, "अक्का, तिसरा घास विसरलीस का गं?"

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "न्हाय रे. इसरले न्हाय."

तेव्हाच मान वळवताना ते गाठोडं दिसलं. दुपारच्या गाडीनं मी निघालो. वाटेत वहीत चौथ्याचा तिसरा करून टाकला. 'आवरते' खोडून 'मिरवते' लिहिलं, कारण नवरीच्या गाण्यात आवराआवर कसली? दिवाळीच्या आधीच निरोप आला. विहिरीवर अक्काचा पाय घसरला, अक्का गेली. पुढच्या वर्षी त्या गाण्याची तबकडी निघाली. चाल जलद केली, क्लॅरिनेट घातलं. तबकडीवर छापलं, पद व चाल, आणि पुढं माझं नाव. हे गाणं वाचकांनी ऐकलेलं आहे. न ऐकलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

सगुणाबाईंच्या घरून त्यानंतर दोन लग्नांची बोलावणी आली. दोन्ही वेळा तब्येतीचं कारण कळवलं. लढाई संपली त्याच्या पुढच्या माघात तिसरं पत्र आलं, शाळेतल्या पंतोजींच्या अक्षरात. "माझ्या लेकीचं लग्न आहे. घाणा भरताना तुमचा हात लागतो. या खेपेला आला नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही." मला तो मानपानाचा हट्ट वाटला. पण मनात एक प्रश्न अकरा वर्षं होता. त्या सकाळी अक्का मला काही सांगत होती का? ते माहीत असलेली एकच बाई जिवंत होती, आणि ती म्हणत होती की पुन्हा बोलावणार नाही. मी निघालो.

नाका

आईनं अंबाबाईची ओटी दिली होती, म्हणून आधी तुळजापूरची मोटार धरली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. जमादार वयस्क होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. माझ्या ट्रंकेतून त्यानं नवरीसाठी घेतलेली तबकडी काढली.

"ये क्या है जी? थाली?"

"गाना है."

त्यानं तबकडीवरचं नाव शिपायाकडून वाचून घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, ये तो वोइच! हमारे भांजी के शादी में बँडवाले ने चार दफे बजाया. नवरा घोड्यावरून उतरताच नै था!" मग माझ्याकडं संशयानं बघत, "तुमारा है? झूट नक्को बोलो."

"माझंच," मी म्हणालो.

त्यानं माझी ट्रंक पुढं तपासलीच नाही. मागच्या बाईची तांदळाची पिशवी मात्र तळापर्यंत उपसली. ती बाई मोटारीत बसताना मला म्हणाली, "गाणं करत जावं बाबा मानसानं, तांदूळ नेऊ न्हाय."

तुळजापूर

पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थात पाय धुतले. आमच्या घराण्याचे पुजारी वारलेले, त्यांचा मुलगा आता बघतो. त्यानं ओटी देवीपुढं ठेवली आणि विचारलं, "नाव कोणाचं घ्यायचं?" मी आईचं सांगितलं. तो म्हणाला, "आईसायबांनी मागं एकदा निरोप धाडला होता, लेकीचं नाव घ्या म्हणून. ते चालू ठेवायचं का?" मला हे ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. त्यानं अक्काचं नाव घेतलं, आणि गाभाऱ्यातल्या गर्दीत ते मला अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं.

जेवण पुजाऱ्यांकडंच. ज्वारीची भाकरी, कढी, शेंगांची चटणी. आमच्याकडं चटणी कुटून तेल सुटेपर्यंत ठेचतात. इथं भरड ठेवतात आणि वरून तेल ओततात. जेवताना समोरच्या हॉटेलातला फोनो सुरू झाला. पहिला घास जात्या. पुजाऱ्याची बायको आतून म्हणाली, "लागलं बघा ह्यांचं दळण! दिसातून धा येळा. जात्याला तर ताप आला आसंल." नवऱ्यानं तिला खुणेनं गप्प केलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. बिचारीनं जीभ चावली आणि मला जास्तीची भाकरी वाढली. मी ती खाल्ली. पुन्हा तेच, माझ्या मनात आलं. पानात काही वाढलं की मी गप्प.

नदीपर्यंत

दुसऱ्या दिवशी नळदुर्गच्या वाटेवर मोटारीतून उतरलो. सगुणाबाईंनी गाडी पाठवली होती. गाडीवान शिवाप्पा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. बैलांशी कानडी बोलायचा आणि शिव्या मराठीत द्यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, "बैल कानडी हायती. शिवी त्यांना कळू न्हाय म्हणून मराठीत देतो. जनावराचं मन राखावं लागतंय."

वाटेत एका शेतात हुरडा चालला होता. त्यांनी हाक मारून बसवलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून हातावर चोळायची आणि गरम दाणे गुळाच्या खड्याबरोबर तोंडात टाकायचे. सोलापुरात आम्ही हुरडा पोत्यातून आणून घरी भाजतो, त्याला धुराचा हा वास नाही. तिथल्या एकानं माझंच गाणं धरलं, तमाशातल्या शब्दांत. पहिला घास पाटलाचा, दुसरा घास शिपायाचा. तिसऱ्याला सगळे हसून लोळले. तो तिसरा इथं लिहिण्यासारखा नाही. मीही हसलो. तिसरी जागा मीच भरून दिली होती, म्हणून तर त्यांना तिथं काही घालता आलं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

बोरीच्या पात्रात गाडीचं चाक दगडावरून घसरलं आणि ट्रंक पालथी पडली. तबकडीचे तीन तुकडे झाले. शिवाप्पा फार हळहळला. "आता ह्यो तुकडा वाजवला तर तेवढंच गाणं वाजंल का वो?" मी नाही म्हणालो. नवरीसाठी हातात काही उरलं नव्हतं.

अक्काचं सासर

अक्काच्या सासूबाई कधीच वारल्या. दाजी दोन वर्षांमागं तापानं गेले. घरात आता सगुणाबाईच मोठ्या. केस पिकलेले, आवाज तोच. माझ्या हातावर गुळपाणी ठेवून म्हणाल्या, "आलात. लई दिस लावले, भाऊ."

मी तब्येतीचं सांगू लागलो. त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं.

घाणा दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडं शहरात घाणा म्हणजे आता नुसता शकुन. हळद गिरणीतून दळून येते, बायका जात्याला पाच वेळा हात लावतात आणि फराळाला बसतात. इथं खरंच दळतात. जातं सारवलेल्या जागी मांडलेलं, खुंट्याला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधलेलं. पुरुषांना तिथं मज्जाव. मला एकट्यालाच उंबऱ्याशी पाट दिला आणि मांडीवर गव्हाचं सूप ठेवलं. एवढ्या बायकांत मी एकटा.

"पाव्हणं, पेटीवरचा हात जात्यावर चालंल का?" एकीनं विचारलं.

"चालंल की. पर सूर धरून बसतील आन् पीठ पडायचं न्हाय!"

"मला तबकडीत घाला वो. माझा नवरा म्हंतो, तुझा आवाज बंद करायची कळ पायजे. तबकडीला आसती ना कळ?"

हशा पिकला. मग नवरीच्या मैत्रिणींनी गाणं धरलं. माझ्या चालीत, टाळ्या वाजवत, बँडवर वाजतं तसं भरभर. पहिला घास, दुसरा घास, आणि तिसरा घास जात्या, तुला गव्हाचा भरते.

सगुणाबाईंनी खुंट्यावरचा हात काढला. जातं थांबलं.

"ते वरातीत म्हणा. हितं न्हाय."

"काकी, गाणं तेच की." पोरींना खरंच कळलं नव्हतं.

"तेच न्हाय." त्यांनी शेजारच्या म्हातारीला समोर बसवलं आणि दोघींनी संथपणे सुरू केलं. दुसऱ्या घासानंतर दोघी गप्प झाल्या. जातं रिकामं फिरू लागलं. माझी आई रिकाम्या जात्याला कधी हात लावू देत नसे. घराला चांगलं नाही म्हणे. इथं एवढ्या सवाष्णी बसून ते फिरताना बघत होत्या. कोणी डोळे मिटले होते, कोणाचे ओठ हलत होते. दगडाची करडी भुकटी जात्याच्या पाळीवर पडत होती. फेरे संपले तेव्हा सगुणाबाई मला म्हणाल्या, "आता तुमी घास घाला."

मी सुपातले गहू मुठीत घेऊन जात्याच्या तोंडात टाकले. खरखर थांबली. दाण्याचा आवाज आला, आणि बायकांनी चौथा म्हटला. भरल्या घरामंदी, जागा माझी आवरते.

हे गाणं मी हजार वेळा वाजवलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी बायका पांगल्यावर मी सगुणाबाईंना विचारलं. त्या जात्याभोवतीची भुकटी विड्याच्या पानानं गोळा करत होत्या.

"ह्याला मुका फेरा म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "ह्या घरात आलेली जी बाई आता न्हाय, तिच्यासाठी. रोजच्या दळणात तिसरा घास म्हणत्यात की. भावाचा आसतो त्यो." आणि काम न थांबवता नुसत्या बोलल्यासारखं म्हणाल्या,

"तिसरा घास जात्या, तुला बाजरीचा भरते
न्यायला येईल भाऊ, त्याची शिदोरी करते."

"मग घाण्याच्या दिवशी का नाही?"

"मेलेल्या बाईला भाऊ न्यायला येतो का? म्हणून त्यो म्हणायचा न्हाय. जातं रिकामं फिरवायचं. मग तिच्या माहेरच्या मानसानं येऊन घास घालायचा. म्हंजे भाऊ आला, तिला घिऊन गेला. चौथा घास तिचा सोताचा. जाताना जागा आवरून जाती ती." त्यांनी वर पाहिलं. "तुमी दोन लग्नांना आला न्हाईत. दोन येळा आमी ते तोंड तसंच ठिवून उठलो."

मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी घाणा नव्हता. लग्न नव्हतं. अक्कानं तेव्हा मुका फेरा का फिरवला?"

"म्याबी तेच इचारलं. खुंट्यावर तिचा हात धरला. म्हणलं, आक्का, कुणाचा गं? सासू पलीकडं बसलेली, मोठ्यानं बोलायची सोय न्हाय. ती हळू म्हणली, माझाच. भाऊ ऐकतोय. त्याला कळंल."

"मला ती रीत माहीत नव्हती."

"व्हय. तुमी पुरुषमानूस. पर तिला वाटलं, गाण्याचं मानूस हाय, आईकडून ऐकलं आसंल. तुमची आई ह्याच भागातली की."

मग मी गाठोड्याचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो की मी ते पाहिलं होतं. सगुणाबाईंना धक्का बसला नाही.

"त्ये तीन दिस दाराआड हुतं. तिला वाटायचं, नाक्यावरून माघारी याल. मग तिनंच सोडलं."

"विहिरीवर पाय घसरला की—"

"म्या बघितलं न्हाय. खोटं बोलणार न्हाय, भाऊ. शेवाळ हुतं, त्ये खरं."

एवढंच त्या म्हणाल्या. मला दोष दिला नाही, क्षमाही केली नाही. उठून त्यांनी चुलीवर चहा ठेवला.

चहाचा पहिला घोट घेतला आणि अकरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ डोळ्यांपुढं आली. इतकी बारीक गोष्ट की मी ती कधी लक्षातही घेतली नव्हती. पंचमीहून एकटाच परतलो तेव्हा आईनं भांडणतंडण काही विचारलं नाही. अक्का वाळलीय का, मारतात का, काही नाही. मी सांगितलं की अक्कानं जात्यावरचं छान गाणं म्हटलं, उतरवून आणलंय. आईनं एकच विचारलं.

"तिसरा घास म्हणली व्हय?"

वही माझ्या खिशात होती. तिच्यात चौथा खोडून तिसरा केलेला. मी म्हणालो, "हो, म्हणाली की."

आईचा चेहरा सैल झाला. "मग बरी हाय," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला बसली. मी नाही म्हणालो असतो, तर ती त्याच पावली निघाली असती. नाका, निजाम, सासूबाई, कोणालाही तिला अडवता आलं नसतं.

सगुणाबाईंना हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला.

परत

लग्न पार पडलं. वरातीत बँडनं माझं गाणं वाजवलं आणि पाहुण्यांनी मला पुढं ओढून फेटा बांधला. नवरी पाया पडायला आली. तिच्या हातात काही घालायला माझ्याकडं नव्हतं. "तुला जात्यावरचं गाणं येतं का?" विचारलं, तर म्हणाली, "तुमचंच येतं, मामा." मी तिला म्हणालो की आईकडून दुसरं शिकून घे. माझं विसर. तिला तो माझा मोठेपणा वाटला.

निघताना सगुणाबाईंनी दगडाची ती भुकटी एका हळदीच्या फडक्यात बांधून दिली. भावानं घास घातला की ती भुकटी माहेरी जायची असते, आईच्या हाती. आई ती आपल्या उंबऱ्याखाली पुरते, म्हणजे लेक घरी आली. "तुमच्या आईला सांगा," त्या म्हणाल्या, "आक्काचा फेरा पुरा झाला."

नाक्यावर तोच जमादार होता. या खेपेला त्यानं पुरचुंडी सोडून बघितली, बोटानं भुकटी चोळली, हुंगली. "ये क्या है?"

मला हिंदुस्तानीत ते सांगता येईना. मराठीतही आलं नसतं. म्हणालो, "माझी बहीण आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, गाठ पुन्हा होती तशी बांधली आणि दोन्ही हातांनी परत दिली. गाण्याचं काही बोलला नाही.

सोलापुरात येऊन चार महिने झाले. आईनं विचारलं, "लग्न कसं झालं?" मी म्हणालो, "थाटात." ओटी पोहोचली का? पोहोचली. पुरचुंडी माझ्या पेटीत आहे. ती द्यायची तर आई विचारणार, घास कोणी घातला, तिसऱ्याला काय झालं, आणि मग अकरा वर्षांमागचं ते 'हो' माझ्या तोंडून परत घ्यावं लागणार. तबकडी लग्नात, बारशाला, शेजारी कुठंही लागली की आई उठून आत जाते. इतकी वर्षं मी समजत होतो, तिला लेकाच्या कौतुकाचा संकोच वाटतो. त्यात भावाचा घास नाही हे तिला ऐकू येत असणार, ते आता कळतं.

आईला वाचता येत नाही. हे छापून आलं तरी तिला कळणार नाही. आणि दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं, हे मला चालणार नाही. तबकडीवरचं माझं नाव काढायला मी तबकडीच्या कंपनीला पत्र पाठवलं आहे, ते काम सोपं होतं. आईला मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही. अक्कानं तिसरा घास म्हटला नव्हता, हे तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे, आणि ते माझ्याकडं बाकी आहे.